पाठीवरची सही

क्रियापदांची कुळकथा : संमतीची क्रियापदं, भाग ३

गेल्या आठवड्यात ‘अप्रूव्ह’ आणि ‘अप्रूव्ह ऑफ’ यांचा निकाल लावला. आजचं क्रियापद त्याच घरातलं, पण स्वभावाने बरंच वेगळं : ‘एन्डॉर्स’.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, कितीतरी पत्रकारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या नावाखाली वर्षानुवर्षं एक ओळ दिसते : ‘रीट्वीट्स आर नॉट एन्डॉर्समेंट्स’. दुसऱ्याचं बोलणं मी पुढे पाठवलं, एवढ्यावरून ते मला पटलंय असं समजू नका, असा तिचा मतलब. हात झटकायला इंग्रजीत शब्दांची वाण नव्हती. ‘लाइक’ होता, ‘अ‍ॅग्री’ होता, ‘सपोर्ट’ होता. तरी न ठरवता सगळ्यांनी हाच उचलला. एखादी गोष्ट आवडली म्हणून कुणी कुणाची मानगूट धरत नाही. एन्डॉर्स केली म्हणून मात्र धरतात. आपल्या नावानिशी, चारचौघांत, आणि उद्या जाब द्यायची तयारी ठेवून दिलेली पसंती म्हणजे एन्डॉर्स. उच्चारात पहिलं अक्षर ‘इन’कडे झुकतं आणि जोर ‘डॉर्स’वर पडतो, पण मराठीत ‘एन्डॉर्स’ रुळलंय, तेच चालवू.

ही जबाबदारी शब्दात शिरली कुठून, ते पाहायला बँकेच्या काउंटरवर जावं लागेल.

समजा, देसाईंनी सावंतांच्या नावे २०,००० रुपयांचा चेक लिहिला. ‘ऑर बेअरर’ खोडलंय, म्हणजे हा ऑर्डर चेक. मात्र कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा ओढलेल्या नाहीत. सावंत तेवढीच रक्कम कदमांना देणं लागतात. ते चेक उलटा करतात, मागच्या कोऱ्या बाजूवर ‘पे टू कदम ऑर ऑर्डर’ असं लिहितात, खाली सही करतात आणि चेक कदमांच्या हातात ठेवतात. एन्डॉर्स करणं म्हणजे हे. सावंतांनी नुसती सही केली, नाव घातलंच नाही, तर ते ‘ब्लँक’ एन्डॉर्समेंट. मग चेक ज्याच्या हाती पडेल त्याचा. नाव घातलं तर ‘फुल’. आपल्याकडचा याचा कायदा १८८१ सालचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट. चेक परत गेला की लोक ‘१३८ची केस’ टाकतात, तोच हा. त्यात हा शब्द ‘आय’ अक्षराने सुरू होतो, ‘ई’ने नाही. दोन्ही स्पेलिंगं शुद्ध. ‘आय’वालं आता जुन्या कायद्यांच्या पानांतच जास्त भेटतं.

त्या सहीला कायद्याने दोन कामं दिली. पहिलं उघड आहे : चेकवरचा सावंतांचा हक्क कदमांकडे गेला. दुसरं काम सही करणाऱ्याच्या डोक्यात सहसा नसतं. चेक वटला नाही, तर कदमांनी एकट्या देसाईंच्याच मागे लागावं असं बंधन नाही. कलम ३५ प्रमाणे, चेक न वटल्याची रीतसर नोटीस देऊन, ते सावंतांनाही धरू शकतात. कदमांनी तोच चेक आणखी कुणाला एन्डॉर्स केला असेल, तर तो चौथा माणूसही सावंतांच्या दारात उभा राहू शकतो. थोडक्यात, पाठीवर सही करणारा लिहून देतो की कागद चोख आहे, आणि तसा नसला तर मी बसलोय. आपल्याकडच्या जामीन राहण्याच्या हे अगदी जवळ जातं. व्यापारातल्या बिलांच्या बाबतीत तर पाठीवर भरवशाच्या पेढ्यांच्या सह्या असल्या की तो कागद बाजारात बिनदिक्कत चालायचा. पुढचं तोंड कुणाचं आहे यापेक्षा पाठीवर कोण आहे हे आधी पाहिलं जाई.

हक्क द्यायचाय पण जामीन व्हायचं नाही, अशा सावध माणसाची सोय कलम ५२ मध्ये आहे. सहीपाशी ‘सॅन्स रिकोर्स’ असं लिहायचं, म्हणजे उद्या काही झालं तर माझ्याकडे येऊ नका. ट्विटरवरच्या त्या ओळीची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

सह्यांनी पाठ भरून गेली, तर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर पुढच्या सह्या घ्यायच्या. या पट्टीला ‘अलाँज’ असं झकास फ्रेंच नाव आहे. आता हे सगळं बघायला मिळणं कठीण. ‘अकाउंट पेयी’ चेकचे पैसे ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जमा करा, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सक्त ताकीद आहे. पतसंस्थांच्या सभासदांसाठी ५०,००० रुपयांपर्यंतची एक सवलत सोडली, तर अशा चेकच्या पाठीवरची सही फिरती राहिलेलीच नाही. शब्द मात्र तोवर बँकेच्या बाहेर पडला होता.

पाठीचं म्हणाल, तर ती शब्दातच आहे. लॅटिनमध्ये ‘डॉर्सम’ म्हणजे पाठ. माशाच्या पाठीवरच्या पराला इंग्रजीत ‘डॉर्सल फिन’ म्हणतात, तो याच कुळातला. फ्रेंचांनी डॉर्समचं ‘दो’ केलं आणि पाठीवर मजकुराची चिठ्ठी लावलेल्या कागदांच्या बाडाला ‘दोसिए’ म्हणू लागले. २६/११च्या हल्ल्यानंतर जानेवारी २००९ मध्ये भारताने पाकिस्तानला पुराव्यांचं बाड दिलं, तेव्हा हा शब्द ‘डॉसियर’ होऊन मराठी वर्तमानपत्रांत रोज झळकत होता. मिल्टनने तर ‘पॅरडाइज रीगेन्ड’मध्ये हत्तींच्या पाठीवर मनोरे चढवले, त्याला एन्डॉर्सच म्हटलं. तिथे पसंती वगैरे काही नाही, फक्त पाठ आणि तिच्यावरचं ओझं. शब्दकोशांत हा अर्थ कधीचा कोपऱ्यात गेलाय, पण ‘एन्डॉर्स’ समजावून सांगायला मला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही सापडत नाही.

मराठी कायद्याच्या भाषेत एन्डॉर्समेंटला ‘पृष्ठांकन’ म्हणतात. जड आहे, पण चपखल आहे. संस्कृतातलं पृष्ठ म्हणजे आधी पाठ, मग पान. बोलीतली मराठीही पाठ सोडत नाही : पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठीराखा. इथे भाषांतर करणारे फसतात. पाठिंबा देणारा पाठीमागे उभा असतो, आणि तो दिसलाच पाहिजे अशी अट नसते. गुपचूप पाठिंबा ही आपल्या राजकारणातली नित्याची गोष्ट. एन्डॉर्स करणाऱ्याचं नाव कागदावर दिसावंच लागतं. गुपचूप एन्डॉर्स करता येत नाही. इंग्रजीतलं ‘बॅक’ हे क्रियापद आपल्या पाठिंब्याचं खरं भावंड. म्हणून अमेरिकी निवडणुकीच्या बातमीत ‘एन्डॉर्स्ड’साठी आपली वर्तमानपत्रं ‘जाहीर पाठिंबा’ असं छापतात, ते मला बरोबर वाटतं. तिथला ‘जाहीर’ भरतीचा नाही, अर्धा अर्थ तोच उचलतो. ‘दुजोरा’ घटनेच्या खरेपणाला द्यावा, पोलीस बातमीला देतात तसा. ‘अनुमोदन’ सभेतल्या ठरावाला, सूचकाच्या पाठोपाठ. ‘शिक्कामोर्तब’ ज्याच्या हाती अंतिम अधिकार आहे त्याने करावं. एन्डॉर्सला असा अधिकार लागत नाही, आणि ‘अप्रूव्ह’शी त्याची फारकत होते ती इथेच. आराखडा आयुक्त अप्रूव्ह करतात. तोच आराखडा वास्तुविशारदांची संघटना, शेजारची सोसायटी किंवा तुम्हीआम्ही एन्डॉर्स करू शकतो, आणि आपण केला म्हणून तो मंजूर होत नाही.

‘सपोर्ट’ आणि ‘एन्डॉर्स’ यांत किती अंतर आहे, हे एका राजकारणी बाईंनी २०१६ मध्ये असं काही दाखवून दिलं की कुठल्याही कोशकाराला हेवा वाटावा. न्यू हॅम्पशरच्या रिपब्लिकन सिनेटर केली एयॉट फेरनिवडणुकीला उभ्या होत्या. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी डोनाल्ड ट्रम्प यांना पुढे केलं. एयॉट यांच्या कार्यालयाने मे महिन्यात भूमिका सांगितली : बाई पक्षाच्या उमेदवाराला सपोर्ट करतील, पण एन्डॉर्स करणार नाहीत. देशभर चेष्टा झाली. हा कसला शब्दच्छल, असं विरोधकांनीच नव्हे तर स्वपक्षीयांनीही विचारलं. पण नीट ऐकलं तर त्या भाषेला धरूनच बोलत होत्या. मतपेटीपाशी माझं मत त्यांना, एवढा सपोर्ट. त्यांच्या शब्दांना आणि वागण्याला माझं नाव चिकटवू नका, म्हणून एन्डॉर्स नाही. चेकवरचं ‘सॅन्स रिकोर्स’ दुसरं काय सांगतं? ऑक्टोबरात ट्रम्प यांची ती कुप्रसिद्ध जुनी ध्वनिचित्रफीत बाहेर आल्यावर त्यांनी सपोर्टही काढून घेतला. नोव्हेंबरात त्या हजारभर मतांनी पडल्या. त्यांच्या व्याकरणात दोष नव्हता. मतदाराला व्याकरण नको होतं.

अमेरिकेत वर्तमानपत्रंही उमेदवाराला एन्डॉर्स करतात, आणि आपल्या वाचकाला याचं नवल वाटतं. आपल्याकडे अग्रलेखाचा कल कुठे आहे ते न सांगता कळतं, पण ‘अमुक यांना मत द्या’ असं संपादक सहसा छापत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १८६० मध्ये लिंकन यांना एन्डॉर्स केलं, तेव्हापासूनची त्यांची ही परंपरा. ‘सायंटिफिक अमेरिकन’ने १७५ वर्षं कुणालाच केलं नव्हतं, २०२० मध्ये बायडन यांना केलं, तर ती बातमी जगभर गेली. आणि २०२४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मतदानाला ११ दिवस उरले असताना सांगितलं की यंदा कुणालाच एन्डॉर्स करणार नाही. १९८८ नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. दोन लाखांहून जास्त वर्गणीदारांनी वर्गणी बंद केल्याच्या बातम्या आल्या. सही करण्याची सवय लावून मग ऐन वेळी हात आखडता घेतला, की तो आखडलेला हातच सही म्हणून वाचला जातो.

आता हे क्रियापद वाक्यात बसवण्याबद्दल. मराठी माणसाची इथली ठरलेली चूक म्हणजे ‘आय एन्डॉर्स टू युअर व्ह्यू’ किंवा ‘वी एन्डॉर्स विथ यू’. ‘अ‍ॅग्री’ला ‘टू’ आणि ‘विथ’ लागतात, आणि मराठीतही ‘तुमच्या मताशी’ सहमत, ‘तुमच्या मताला’ पाठिंबा अशी विभक्ती मनात घोळत असते, म्हणून ती शेपटी इंग्रजीत येते. एन्डॉर्सला मध्ये कुणी नको. ‘आय एन्डॉर्स युअर व्ह्यू’, बस. तसंच, ‘आय एन्डॉर्स दॅट फीज शुड बी रिड्यूस्ड’ असं लिहिता येत नाही. आधी एन्डॉर्स करण्याजोगी वस्तू हवी. ‘आय एन्डॉर्स द डिमांड दॅट फीज शुड बी रिड्यूस्ड’. मागणी, मत, योजना, ठराव, उमेदवार, माल, चेक, असलं काहीतरी कर्म म्हणून पुढे हवं. ‘फॉर’ चालतो, पण पदासाठी : ‘द युनियन एन्डॉर्स्ड हर फॉर मेयर’.

माणूस कर्म असला तर निवडणूक किंवा नेमणूक अभिप्रेत असते. आपल्या मुलाबद्दल कौतुकाने ‘आय एन्डॉर्स माय सन’ असं म्हणणाऱ्या बापाला ऐकणारा विचारेल, कुठल्या वॉर्डातून? शब्द थोडा कोटटाय घातलेला आहे, म्हणून क्षुल्लक गोष्टीला लावला की मुद्दाम विनोद होतो. ‘आय एन्डॉर्स धिस वडापाव’ हे वाक्य चुकीचं नाही. हसू यावं म्हणूनच ते म्हणायचं. सोबत येणारी क्रियाविशेषणं ठरलेली आहेत : ‘फुली’, ‘पब्लिकली’, ‘होलहार्टेडली’. एक नामाची जोडी लक्षात ठेवण्याजोगी, ‘रिंगिंग एन्डॉर्समेंट’, म्हणजे घंटानाद करून दिलेली पसंती. गंमत अशी की ती बहुतेक वेळा नकारातच भेटते : ‘नॉट एग्झॅक्टली अ रिंगिंग एन्डॉर्समेंट’. नव्या खानावळीचं जेवण कसं होतं असं विचारल्यावर ‘भूक लागली होती म्हणून खाल्लं’ असं उत्तर आलं, तर हे वाक्य तिथे टाकावं.

जाहिरातीतला अर्थ आज सगळ्यांत जास्त कानावर पडतो. नाव शब्दकोशात नंतर आलं असलं तरी धंदा जुना आहे. १७६५ मध्ये इंग्लंडच्या राणी शार्लटने जोसाया वेजवुड या कुंभाराकडून चहाची भांडी मागवली, आणि त्याने आपल्या मलईरंगी भांड्यांचं नावच ‘क्वीन्स वेअर’ ठेवलं. राणीने ‘ही भांडी घ्या’ असं कधी म्हटलं नाही. तिचं नाव पुरलं. आपल्याकडे १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. हॉलिवूडच्या नट्यांचा साबण म्हणून गाजलेल्या लक्सचा तो पहिला भारतीय चेहरा, आणि तो मराठी रंगभूमीवरून सिनेमात गेलेल्या बाईंचा. पुढे मुंबईकर यष्टिरक्षक फारुख इंजिनियर ब्रिलक्रीम लावलेल्या चापूनचोपून केसांनिशी पोस्टरवर आले. मराठीत आपण या सगळ्याला सरसकट ‘जाहिरात करणं’ म्हणतो, आणि त्यात एक फरक बुडतो. साबणाच्या फेसात दिसणारी अनोळखी मॉडेलही जाहिरातच करते. पण ती एन्डॉर्स करत नाही, कारण तिचं नाव कुणाला माहीत नाही, ते पणाला लागलेलं नाही. एन्डॉर्स ओळखीचा माणूसच करू शकतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा फरक नेमका पकडलाय. त्यातली एन्डॉर्समेंटची व्याख्या वाचण्यासारखी आहे : संदेश, तोंडी विधान, प्रात्यक्षिक, किंवा व्यक्तीचं नाव, सही, चेहरा अथवा ओळख पटेल असं कुठलंही लक्षण, किंवा संस्थेचं नाव वा शिक्का. यावरून ग्राहकाला वाटलं की हे या व्यक्तीचं मत आहे, निष्कर्ष आहे किंवा अनुभव आहे, की झालं एन्डॉर्समेंट. तुम्ही तोंडाने ‘मी हे वापरतो’ म्हणायलाच हवं असं नाही. जाहिरात खोटी किंवा दिशाभूल करणारी निघाली, तर कलम २१ खाली माल काढणाऱ्याइतकाच एन्डॉर्स करणाराही १० लाख रुपयांपर्यंतच्या दंडाला पात्र ठरतो. पुन्हा सापडला तर ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्षापर्यंत कुठलंच एन्डॉर्समेंट करायला बंदी, आणि पुढच्या वेळी ती तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. सुटकेची वाट एकच ठेवली आहे : जाहिरातीतल्या दाव्याची मी आधी योग्य ती शहानिशा केली होती, हे दाखवता आलं पाहिजे. स्क्रिप्ट हातात आली ती वाचली, ही शहानिशा नव्हे.

जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी एक पाचर मारली. एन्डॉर्स करणाऱ्याचं कंपनीशी पैशाचे किंवा नात्याचे काही लागेबांधे असतील आणि सामान्य ग्राहकाला ते ठाऊक असण्याची शक्यता नसेल, तर ते उघड करायचे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सोशल मीडियावरच्या इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळ्या सूचना काढल्या : ‘अ‍ॅडव्हर्टाइजमेंट’, ‘स्पॉन्सर्ड’, ‘कोलॅबोरेशन’, ‘पेड प्रमोशन’ असले सरळ शब्द वापरा, आणि ते ठळक दिसतील असे ठेवा, हॅशटॅगांच्या ढिगात लपवू नका. रोज सकाळी कुठल्याशा फेसवॉशची ट्यूब कॅमेऱ्यापुढे नाचवणाऱ्या मुलामुलींना हे जाचक वाटत असेल. मला यात जाच दिसत नाही. पाठीवर सही करायचे पैसे घ्यायचे आणि चेक परत आला की ‘मी फक्त सही केली’ म्हणायचं, हे १८८१ मध्येही चालत नव्हतं.

लिंक्डइनचं मात्र मला कधी पटलेलं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी ‘स्किल एन्डॉर्समेंट’ काढलं : ओळखीच्या माणसाच्या कौशल्यापुढे एक बटण दाबायचं. ज्याच्याबरोबर एक दिवस काम केलं नाही, तो तुमच्या ‘लीडरशिप’ला एन्डॉर्स करून जातो, आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखं तुम्हीही त्याचं काहीतरी परत करता. जाब कुणाला नाही, कुणाकडे नाही. शब्द तोच, पण त्यातली पाठ गेली.

सरकारी कचेरीतला अर्थ याच्या नेमक्या उलट्या टोकाचा, तिथे पसंती गेली आणि कागदाची पाठ उरली. आलेल्या अर्जावर वरिष्ठाने जे लिहायचं ते एन्डॉर्समेंट. महाराष्ट्रात आपण त्याला ‘शेरा’ म्हणतो, आणि शेरा मारला जातो. गावाकडून निवेदन घेऊन मंत्रालयात आलेल्या माणसाच्या कागदावर ‘तपासून नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढं उमटलं की तो हरखतो. खालचा अधिकारी ते वाचून शांत असतो, कारण साहेबांनी त्यात काहीच एन्डॉर्स केलेलं नाही हे त्याला पहिल्या नजरेत कळतं. सीमाभागातल्या वाचकांना तर हा शब्द वेगळ्याच दुःखातून माहीत असेल. कर्नाटकातल्या कार्यालयांत अर्जाला दिलेल्या लेखी उत्तराला ‘एन्डॉर्समेंट’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘हिंबरह’, शब्दशः मागचं लिखाण. आणि हे उत्तर पुष्कळदा नकाराचं असतं. बेळगावच्या माणसाने ‘एन्डॉर्समेंट आलंय’ असं पडक्या चेहऱ्याने सांगितलं, तर पेढे मागू नका. अर्ज फेटाळलाय, आता वकील बघायचा आहे.

विम्यातलं एन्डॉर्समेंट कोरडं : पॉलिसीत झालेला बदल नोंदवणारा जोडकागद. जुनी गाडी विकलीत तर आरसी नावावर झाली एवढ्यावर थांबू नका, विम्याचंही एन्डॉर्समेंट करून घ्या. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद चढते तीही एन्डॉर्समेंटच, फक्त आपण तिला ‘एचपी’ म्हणतो, आणि कर्ज फिटल्यावर ३५ नंबरचा फॉर्म भरून ती उतरवतो.

इंग्लंडमध्ये हाच शब्द लायसन्सवर चढला की घरात तणाव होतो. वेगमर्यादा मोडली, सिग्नल तोडला, की लायसन्सच्या नोंदीत एन्डॉर्समेंट पडतं आणि त्याबरोबर पेनल्टी पॉइंट्स. गुन्ह्याप्रमाणे ते चार किंवा अकरा वर्षं नोंदीत राहतं. तीन वर्षांत बारा पॉइंट झाले तर गाडी चालवण्यावर बंदी येऊ शकते, आणि विम्याचा हप्ता त्याआधीच वाढतो. पूर्वी हे लायसन्सच्या कागदी जोडपानावर लिहिलं जाई. २०१५ मध्ये ते पान बंद झालं आणि नोंद संगणकात गेली, नाव तेच राहिलं. तेव्हा लेस्टरच्या भाच्याने फोनवर ‘लायसन्सवर दुसरं एन्डॉर्समेंट आलं’ असं सांगितलं तर अभिनंदन करू नये.

मान्यता देणारा आणि शिक्षा सांगणारा शब्द एकच, असं इंग्रजीत आणखी एका क्रियापदाच्या बाबतीत होतं, आणि तिथे घोळ याहून मोठा आहे : वीज कंपनी ‘सँक्शन्ड लोड’ देते आणि अमेरिका रशियाला ‘सँक्शन’ करते. ते पुढच्या आठवड्यात.